भाच्याच्या मागाचं कापड

रेवा मिलच्या फोल्डिंग खात्यात एक रिवाज होता. कुठल्या नियमाच्या पुस्तकात तो छापलेला नव्हता, कुणा मॅनेजरने लावलेला नव्हता, पण मिलच्या बॉयलरइतकाच जुना होता. आपल्या माणसाच्या मागावरून उतरलेलं कापड आपण तपासायचं नाही. भाऊ असो, साडू असो, जावई असो. ठाण टेबलावर आलं आणि चिठ्ठीवर आपल्या माणसाच्या मागाचा नंबर दिसला, की ते मुकाट्याने उचलून शेजारच्या टेबलावर सरकवायचं. शेजारचा का म्हणून विचारत नसे. त्याचाही कुणी ना कुणी लूमवर असायचाच.

अच्युत फणसे त्या खात्यात तपासनीस होते. काचेचं टेबल, काचेखाली दिवा, वरून ताणलेलं कापड सरकतंय आणि त्यावर त्यांचा डोळा नि उजवा हात. तुटलेला ताणा, सुटलेला बाणा, तेलाचा डाग, काहीही असो, डोळ्याच्या आधी बोटांना कळे. खोट सापडली की त्या जागी किनारीला लाल दोरा बांधायचा. फाडायचं नाही, फेकायचं नाही, विणकराच्या आईबापाचा उद्धार करायचा नाही. दोरा बांधला की आपलं काम संपलं, पुढचं घेणाऱ्याने ठरवावं.

मग नव्वदच्या दशकात इंदूरच्या मिली एकेक करून विझायला लागल्या. आज हिचा भोंगा बंद, उद्या तिचा. बाहेरचं कापड स्वस्त येऊ लागलं, शेठ लोकांना मिलच्या कापडापेक्षा मिलखालच्या जमिनीत जास्त रस वाटू लागला, आणि एका सकाळी रेवा मिलच्या फाटकावर कुलूप नि एक छापील कागद दिसला. परदेशीपुऱ्याच्या कामगार गल्ल्यांमध्ये त्या दिवशी आरडाओरडा झाला नाही. माणसं ओट्यांवर बसून राहिली. बायका रोजच्यासारख्या नळावर गेल्या, पण भांडल्या नाहीत, इतकंच.

अच्युतरावांनी काही महिन्यांनी सियागंजात एका नटबोल्टाच्या पेढीवर लिहिण्याचं काम धरलं. वरून बघता माणूस सावरला होता. पण इंदुमतीबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, एक गोष्ट ठाऊक होती आणि ती दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. झोपेत त्यांचा उजवा हात चादरीवरून फिरत राही. डावीकडून उजवीकडे, सावकाश. मधेच थांबे, चादर चिमटीत धरे, आणि बोटं दोरा बांधल्यासारखी हलत. बाई जाग्या राहून बघत. हात पुन्हा चालू झाला की त्यांना झोप लागे.

त्या वर्षांत त्यांच्या घरी मुकुल राहत होता. अच्युतरावांच्या धाकट्या बहिणीचा, आनंदीबाईचा मुलगा. आनंदीबाई इंदूरजवळ बेटम्याला दिलेल्या. नवरा प्रतापराव, त्यांचं बियाण्याचं मोठं दुकान, पुढे ट्रॅक्टरची एजन्सीसुद्धा. घर खातंपितं, पण बेटम्यात कॉलेज कुठलं, म्हणून पोरगं मामाकडे. पुढल्या खोलीत त्याची खाट, त्याची पुस्तकं, त्याचा टेबलफॅन. फणसे नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. मुकुलच्या डब्यात काय द्यायचं यावरून दोघांचं सकाळी वाजायचं.

इंजिनियर झाल्यावर मुकुलने नोकरी केली थोडी, मग त्याच पुढल्या खोलीत दोन कॉम्प्युटर मांडून कंपनी काढली. दुकानांचा स्टॉक, गोदामाची आवकजावक असली सॉफ्टवेअरं तो बनवी. नाव सुचेना. मामा म्हणाले, "तानाबाना ठेव. आडवं-उभं दोन्ही असतं तेव्हाच कापड होतं." तानाबाना सिस्टिम्स. हळूहळू कंपनी वाढली, खोली पुरेना, तुकोगंजात काचेचं ऑफिस झालं. जाताना मुकुलने जुना एक कॉम्प्युटर मामांसाठी ठेवला आणि इंटरनेटची लाइन घालून दिली. "मामा, टाइमपास होईल तुमचा."

टाइमपास कसला, अच्युतरावांना त्यात नवं खातं मिळालं.

इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे. तो कुण्या पंडितांनी लिहिलेला नाही. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, कुणीही हरकत घ्यावी. अच्युतरावांनी मिलच्या पत्रव्यवहारातल्या इंग्रजीच्या जोरावर तिथे पहिला लेख टाकला, रेवा मिलच्या फोल्डिंग खात्यावर. दुसऱ्या दिवशी लेख गायब. खाली कुणीतरी लिहिलं होतं की याला आधार नाही. अच्युतराव खवळले. त्यांनी लिहिलं, आधार कसला, मी तिथे उभा होतो. उत्तर आलं, तुम्ही उभे होता हे इथे चालत नाही. तिऱ्हाइताने छापलेलं दाखवा.

हे उत्तर देणारा 'ग्रेहेरॉन' नावाने लिहायचा. बाई की बाप्या, कुठल्या देशाचा, काही पत्ता नाही. पण माणूस सरळ होता. त्याने अच्युतरावांना सगळं शिकवलं. वर्तमानपत्रात स्वतंत्रपणे लिहून आलेलं चालतं, कंपनीने स्वतः वाटलेली पत्रकं चालत नाहीत. आपल्या ओळखीच्या माणसावर लिहायचं झालं तर आधी नातं सांगायचं आणि निकाल दुसऱ्यांवर सोडायचा. हे वाचलं तेव्हा अच्युतराव खुर्चीतून अर्धे उठले.

"इंदू, अगं हे तर आपलंच आहे. शेजारच्या टेबलावर सरकवायचं."

"मग तिथेही तुम्हाला भोंगा वाजला की जेवायला सोडतात का?" बाई म्हणाल्या. "भाजी गार होऊन राहिली आहे."

त्यांनी वाचनालयात जाऊन जुने अंक चाळले, आधार जोडले, लेख पुन्हा उभा केला. तो टिकला. मग इतरांचे लेख तपासू लागले. कोशात कुठलं पान राहावं आणि कुठलं जावं यावर आठवडा-दोन आठवडे चर्चा चालते, तिथे 'फोल्डिंग-इंदूर' या नावाने त्यांचं मत पडे, आणि जगभरची अनोळखी माणसं ते वाचत. मिल बंद झाल्यापासून त्यांच्या 'पास' म्हणण्याला कुठे किंमत उरली असेल तर ती तिथेच.

दोन हजार नऊच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. रविवारी सकाळी मुकुल पोहे-जलेबी घेऊन आला. आता अंगाने भरलेला, खिशात दोन फोन.

"मामा, तुमच्या त्या कोशात आमचं पान आहे ना, त्याच्यावर कोणी नोटीस लावून राहिलं आहे. डिलीट करणार म्हणे."

"बघितली मी. कंपनी कोशात घेण्यालायक आहे का, अशी शंका आहे एकाची."

"लायक म्हणजे? सत्तर माणसं कामाला आहेत."

"सत्तर माणसं सियागंजातल्या हमालीलाही आहेत. प्रश्न तो नाही. कंपनीवर दुसऱ्या कुणी, तुझ्याशी काही देणंघेणं नसलेल्याने, नीट लिहिलंय का, हा आहे."

मुकुलने जलेबी मोडली. "क्या है ना मामा, सिंगापूरची पार्टी येऊन राहिली आहे, भागीदारीसाठी. ते लोक पहिल्यांदा तिथेच बघतात. पान नसलं की समजतात, ही कंपनी म्हणजे गल्लीतली दुकान. तुम्ही एक शब्द लिहा. तुमचं वजन आहे तिथे. मी ऑफिसच्या सगळ्यांकडून लिहून घेतो. महाराष्ट्र मंडळाच्या इलेक्शनला नाही का, रिक्षा भरभरून आणतो आपण, तसं."

"तसं मुळीच करू नकोस. तिथे डोकी मोजत नाहीत. रिक्षा भरून आलेले ओळखू येतात, आणि मग पान हमखास जातं."

"मग तुम्ही तर लिहा."

"मी लिहीन की तू माझा भाचा आहेस. ठेवा की काढा हे मी नाही सांगणार."

"हे काय मामा. घरचा माणूस जज आहे आणि म्हणतो मी कोर्टात बसणार नाही."

"घरचा आहे म्हणूनच," अच्युतराव म्हणाले. "पण आधार काय काय आहेत ते शोधून मांडून ठेवतो. ते करता येतं. चांगलं कापड असलं तर शेजारचा पास करेलच."

आणि ते खरंच मनापासून शोधायला लागले. पोरगं त्यांच्या पुढल्या खोलीतून उठून गेलं होतं. त्याचं नाव कोशात राहावं, असं त्यांच्याइतकं कुणाला वाटत होतं.

पानाखाली चार आधार दिलेले. पहिले दोन दोन वेगळ्या पेपरांतले, पण शब्द न् शब्द सारखे, फोटोही तोच. कंपनीने वाटलेलं पत्रक, हे उघड होतं. तिसरा आधार एका हिंदी दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीतला दोन वर्षांपूर्वीचा मोठा लेख. चौथा एका इंग्रजी मासिकाचा, त्याच लेखावरून उचललेला. म्हणजे सगळा भार तिसऱ्यावर. तो इंटरनेटवर नव्हता. अच्युतराव वाचनालयात गेले, फाइल मागून घेतली आणि उभ्याउभ्याच वाचायला लागले.

सुरुवात छान होती. तुकोगंजातलं ऑफिस, मुकुलचा फोटो, मग तरुण उद्योजकाची कहाणी त्याच्याच शब्दांत. चौथा परिच्छेद असा होता: "मेरे पिताजी मिल के फोल्डिंग खाते में थे। मिल बंद हुई तो हमारा घर भी जैसे बंद हो गया। वे कुछ बोलते नहीं थे। पर नींद में उनका हाथ चादर पर चलता रहता था, जैसे कपड़ा जाँच रहे हों। आखिरी दिनों में अस्पताल की चादर पर भी वही हाथ चलता रहा। आज वे होते तो देखते कि मैंने कंपनी का नाम तानाबाना क्यों रखा।"

अच्युतरावांनी परिच्छेद पुन्हा वाचला. मग आपला उजवा हात बघितला. तो फाइलीच्या पानावर सपाट ठेवलेला होता.

झोपेतल्या हाताची गोष्ट त्यांना स्वतःला माहीत नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या नाहीत. दारातच विचारलं, "इंदू, मी झोपेत हात फिरवतो का गं चादरीवर?"

बाई तांदूळ निवडत होत्या. "फिरवायचे. आता कमी झालंय. का?"

"मुकुलला कुणी सांगितलं?"

"मीच. एकदा जेवताना विचारत होता, मामी, मामांचं काहीतरी सांग ना मिलच्या वेळचं. मी सांगितलं. रडला तो. काय झालं?"

त्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी सूप बाजूला ठेवलं. मग स्वतःच्या गळ्यातलं मंगळसूत्र उगीचच सरळ करून म्हणाल्या, "म्हणजे दोन वर्षं झाली मला विधवा होऊन. आणि मी इकडे त्याला डिंकाचे लाडू पाठवून राहिले."

मग हळूच म्हणाल्या, "प्रतापराव तरी आहेत ना बेटम्याला? की त्यांनाही?"

"त्यांना तर त्याने जन्मालाच घातलं नाही."

दुसऱ्या दिवशी अच्युतराव तुकोगंजात गेले. इतक्या वर्षांत त्या ऑफिसात ते कधी गेले नव्हते. मुकुल कधी या म्हणाला नव्हता, आणि त्यांनाही वाटे, कामाच्या जागी नातेवाइकांनी कशाला जावं. आत पाऊल टाकलं तर रिसेप्शनच्या भिंतीवर तोच लेख काचेच्या फ्रेममध्ये. का बोलावलं नाही, ते त्यांना तेव्हा कळलं.

मुकुलने त्यांना केबिनमध्ये नेलं. "बसा ना मामा. चहा सांगतो."

"बसतो. मेलेला माणूस किती वेळ उभा राहील."

मुकुलचा चेहरा उतरला. मग तो हसायला बघू लागला. "अरे यार मामा, ते रिपोर्टरने घोळ केला. मी मामा म्हटलं, त्याने पिताजी लिहून टाकलं."

"आणि दवाखान्याची चादर? तीही त्यानेच अंथरली?"

मुकुलने टेबलावरचा पेन एकदा इकडे, एकदा तिकडे ठेवला. मग आवाज बदलून म्हणाला, "बाबांची काय स्टोरी आहे मामा, तुम्हीच सांगा. दुकान आहे, एजन्सी आहे. सेठच्या पोराने कंपनी काढली, हे कोण वाचेल? मिलवाल्याच्या पोराने काढली तर माणूस थांबून वाचतो. आजकाल स्टोरी लागते. प्रोडक्ट तर सगळ्यांकडेच आहे."

"मिलवाल्याच्या भाच्याने, असं म्हणायचं होतंस."

"मामाच्या नावाने कोणाच्या डोळ्यात पाणी येतं, भिया?" हा भिया, म्हणजे इंदुरी 'भाऊ', त्याच्या तोंडून सवयीने गेला, ऑफिसात दिवसभर सगळ्यांना म्हणतो तसा.

"बरं. बाप केलास. मारलं कशाला?"

मुकुल खिडकीबाहेर बघत म्हणाला, "जिवंत असते तर फोटो मागितला असता. घरी आले असते लोक, तुमच्याशी बोलायला. तुम्ही खरं सांगून टाकलं असतं."

"म्हणजे खरं बोलतो म्हणून गेलो मी."

चहा आला. कुणी घेतला नाही. मुकुलने खुर्ची जवळ ओढली आणि मामांचा हात धरला, कॉलेजात असताना रिझल्टच्या दिवशी धरायचा तसा. "मामा, कसम से, माझा बाप तुम्हीच होतात. फी भरायला तुम्ही, दवाखान्यात तुम्ही. मग त्यात खोटं काय झालं? थोडं पुढेमागे झालं."

इथे अच्युतराव विरघळले. ते पुढे स्वतःच सांगत, की त्या एका वाक्याने मी आंधळा झालो, बोटांना खोट लागत होती तरी. ते म्हणाले, "पेपरला चिठ्ठी पाठव. पिताजी नाही, मामा, आणि मामा जिवंत आहेत. एवढी एक ओळ दुरुस्त करून छापायला सांग. बाकी कंपनी तुझी चांगली आहे."

"सोमवारपर्यंत पाठवतो. पक्का."

त्या संध्याकाळी अच्युतरावांनी कोशातल्या चर्चेत लिहिलं, कंपनीचा मालक माझा भाचा आहे, म्हणून मी मत देत नाही. फक्त एवढं नोंदवतो की तिसऱ्या आधारातला चौथा परिच्छेद चुकीचा आहे. त्यातला माणूस मी आहे आणि मी मेलेलो नाही.

ग्रेहेरॉनचं उत्तर सौम्य होतं. तुम्ही हयात आहात याचा आनंद आहे. पण तुम्हाला नियम माहीत आहे, तुमचं सांगणं इथे आधार होत नाही. पेपरने दुरुस्ती छापली तर जरूर आणा.

अच्युतरावांनी हेच वाक्य आजवर कितीतरी लोकांना लिहिलं होतं.

सोमवार गेला, मंगळवारही. पेपरात काही नाही. चर्चेत 'ठेवावं'चा कल होता. एवढा लांबरुंद लेख स्वतंत्र दैनिकात आलाय म्हणजे कंपनी दखल घेण्यासारखी आहे, असं बहुतेकांचं म्हणणं. बुधवारी अच्युतरावांनी मिलचं ओळखपत्र आणि रेशनकार्ड पिशवीत घातलं आणि ते दैनिकाच्या कचेरीत गेले. पुरवणीचं काम बघणारी एक तरुण मुलगी होती, शिवांगी नाव. तिने त्यांना खुर्ची दिली, लेख काढला, ऐकून घेतलं.

"अंकल, आप जिंदा हैं, ये छापने में मुझे कोई दिक्कत नहीं," ती म्हणाली. "पर जिन्होंने इंटरव्यू दिया था, उनसे एक बार पूछना पड़ेगा. वो हाँ बोल दें तो कल ही छाप देती हूँ." तिने नंबर लावला आणि ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

"हाँ मैडम, बोलिए," मुकुलचा आवाज आला. आवाजात हसू होतं.

"सर, अच्युत फणसे जी आए हैं. कह रहे हैं आपके मामा हैं, और आर्टिकल में आपने जो पिताजी की बात बताई, वो असल में..."

अच्युतराव पुढे झुकले होते.

"अच्छा, वो," मुकुल म्हणाला. "हाँ मैडम, पहचानता हूँ. पापा के साथ मिल में थे. मिल बंद हुई तब से बेचारों के दिमाग पे थोड़ा असर है. सबको भांजा बोलते हैं. आप प्लीज़ चाय पिला दीजिए उनको, मैं गाड़ी भेजता हूँ, घर छोड़ देगी."

शिवांगीने फोन बंद केला. तिला त्यांच्याकडे बघवेना. मग तिने विचारलं, "अंकल, कोई फोटो है? शादी-वादी का? कुछ भी चलेगा."

फोटो होता. मुकुलच्या लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना त्याच्या पाठीशी उभे असलेले, फेटा बांधलेले मामा. घरात भिंतीवरच होता. उद्या आणून दिला असता तर मुकुल तोंडघशी पडला असता.

"नहीं बेटी," अच्युतराव म्हणाले. "कुछ नहीं है."

खाली फाटकाशी पांढरी गाडी येऊन थांबलीच होती. ड्रायव्हरने अदबीने दार उघडलं. "साहब ने भेजा है, अंकल जी." अच्युतराव गाडीला वळसा घालून चालत निघाले. ड्रायव्हर थोडं अंतर हळूहळू मागून येत राहिला, मग सिग्नलला मागे पडला.

ऊन डोक्यावर होतं. राजकुमार पुलावरून जाताना त्यांना मिलचे दिवस आठवले नाहीत, की पोराचं लहानपण आठवलं नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. आपल्या माणसाचं कापड शेजारच्या टेबलावर. बरोबर. पण त्या माणसानेच चारचौघांत सांगितलं, की मी याचा कुणी नाही, तर?

तर ते कापड आपल्याच टेबलावर आलं.

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, चष्मा पुसला आणि कॉम्प्युटरसमोर बसले. इंदुमतीबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी चर्चेत लिहिलं, मी आधी नातं सांगितलं होतं. मालकाने आज पेपरच्या कचेरीत सांगितलं की असं काही नातं नाही. तेव्हा माझी आधीची नोंद मी मागे घेतो, आणि आता इतरांसारखंच मत देतो. मी हयात आहे की नाही हा मुद्दा सोडून द्या. तो लेख नीट वाचा. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मालक स्वतःबद्दल स्वतः बोलतो आहे. वार्ताहराने एका ग्राहकाला विचारलेलं नाही, एका कामगाराला विचारलेलं नाही, एक गोष्ट पडताळलेली नाही. तो लांब आहे, पण तिऱ्हाइताचा नाही. चौथा आधार त्याचीच नक्कल. पहिले दोन पत्रक. स्वतंत्र असं एकही नाही. काढावं.

"काय लिहिलंत?" बाईंनी विचारलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

"लिहिलं, हे कापड चालणार नाही."

"पण तुम्ही तर म्हणायचे, आपल्या माणसाचं शेजारच्या..."

"आपल्या माणसाचं," अच्युतराव म्हणाले.

बाईंनी मग विचारलं, पेपरात काय झालं. त्यांनी गाडी, फोन, दिमाग पे असर, सगळं त्याच क्रमाने सांगितलं, आवाज न चढवता. ऐकताना बाई एकदाच मधे बोलल्या. "चाय पिला दीजिए म्हणाला?" आणि आत निघून गेल्या. भांडी लावल्याचा आवाज बराच वेळ येत होता, जेवायची वेळ नसताना.

दोन दिवस चर्चा तापली. कुणी म्हणे कोशाच्या या जुन्या संपादकाचा काही राग दिसतो. ग्रेहेरॉनने लिहिलं, राग असेल, पण मुद्दा बरोबर आहे. मी लेखाची प्रत मागवून, भाषांतर करवून वाचली, ती मुलाखतच आहे, आणि मालकाचं स्वतःचं बोलणं म्हणजे स्वतंत्र आधार नव्हे. मग एकेकाने मत फिरवलं. शुक्रवारी दुपारी तानाबाना सिस्टिम्सचं पान कोशातून निघालं. त्या जागी एक कोरी ओळ उरली, की या नावाचं पान नाही.

अच्युतरावांनी ती ओळ पाहिली. मिलमध्ये नापास ठाण बाजूला ठेवताना त्यांना कधी बरं वाटलं नव्हतं, आताही वाटलं नाही. या कापडाचं सूत त्यांच्याच घरात कातलेलं होतं.

संध्याकाळी फोन वाजला. इंदुमतीबाईंनी नाव बघितलं आणि फोन हातात धरून पुढल्या खोलीत आल्या. त्या खोलीत अजून मुकुलची खाट होती, आता त्यावर गाद्या रचलेल्या. भिंतीवर फेट्यातले मामा.

"मुकुल आहे," बाई म्हणाल्या. "काय सांगू?"

अच्युतराव खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होते. बनियनची शिवण उसवली होती. त्यांनी मान वर केली नाही.

"सांग, ते वारले. दोन वर्षं झाली."

बाई तशाच उभ्या राहिल्या. फोन त्यांच्या हातात वाजत राहिला, थांबला, आणि पुन्हा वाजू लागला.